कफ फाटला, कोट वाचला

चि. धाकट्या,

थोरल्याचे उजव्या हाताने लिहिलेले अनेक आशीर्वाद. (उजव्या हाताने, हे मुद्दाम कळवतो. मागच्या महिन्यात लिहिलं असतं तर डाव्या हाताने खरडावं लागलं असतं आणि तू ते औषधाची चिठ्ठी समजून दुकानदारापुढे धरलं असतंस.) इकडे मी, तुझी वहिनी आणि शिलाईचं मशीन, तिघंही कुरकुरत का होईना पण चालू आहोत. तुझी तब्येत विचारत नाही. बावन्नाव्या वर्षी जो लग्न ठरवतो, आणि तेही पोहायला शिकवणाऱ्या, स्वतःपेक्षा वीतभर उंच बाईशी, त्याला काय धाड भरली आहे?

तुझा निरोप मिळाला, "दादा, खांदा दुखतोय तर उगाच कोटाच्या भानगडीत पडू नकोस, मी तयार घेतो." तयार कोट! अरे, शाळेच्या चड्डीपासून तुझ्या अंगाला परका टाका लागू दिला नाही मी, आणि ऐन लग्नात तू कुणा अनोळखी माणसाच्या मापात उभा राहणार? तेव्हा आधी सगळी हकिकत ऐक. खरेदीला निघाला असशील तर चपला काढ.

त्याचं झालं असं. तुझ्या कोटाचं कापड दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर होतं. (चांगली वस्तू उंचावर ठेवावी, ही माझीच अक्कल.) स्टूल जवळच होतं, पण ते आणलं असतं तर म्हातारपण कबूल केल्यासारखं झालं असतं. मी टाचा उंचावल्या, हात ताणला, ताग्याचं टोक ओढलं, आणि तो अख्खा तागा माझा हात बरोबर घेऊन खाली आला. खांद्यात जुनं कापड टरकन फाटावं तसा आवाज झाला. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा आवाज ओळखू येतो.

डॉक्टरीणबाईंनी हात इकडून तिकडे फिरवला, यंत्र लावून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, कफ थोडा फाटलाय. उजव्या कफाला जरा आराम द्या, मग बघू." मी शरमेने अर्धा झालो. शिंप्याच्या शर्टाचा कफ फाटलेला, आणि तो बाईंनी भर दवाखान्यात दाखवून द्यावा! खाली पाहिलं तर खरंच कडेचा धागा सुटलेला. घरी येऊन दुखऱ्या हाताने आधी तो कफ बदलला. तुझ्या वहिनीने निराळाच अर्थ लावला. "कफ झालाय म्हणाल्या ना? तरी मी सांगत होते, गार पाणी पिऊ नका!" झालं. खोकला नाही, पडसं नाही, तरी मी नव्या कफाची बटणं लावून सकाळ-संध्याकाळ काढा पितोय. आणि आराम म्हणून हात पोटाशी बांधून जो बसलो, तो हलवलाच नाही.

पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, "हात वर करा." आयुष्यात कशातून काखा वर केल्या नाहीत मी, आणि आता करायला गेलो तर होईनात! हात जागचा हलेना म्हणून मी अख्खा खांदाच कानाकडे उचलत होतो. "हात उचला काका, खांदा नको," बाई म्हणाल्या. मग मी त्यांना नवा कफ दाखवला. त्या इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

पण नंतर त्यांनी जे समजावलं, धाकट्या, काय सांगू तुला! दंडाच्या हाडाचं डोकं म्हणजे चेंडू, आणि तो बसतो कशात? वाटीत नव्हे, उथळ बशीत! म्हणूनच हात पुढे, मागे, वर, बाजूला, गोल, हवा तसा फिरतो आणि म्हणूनच निखळतोही पटकन. तो बशीतून पडू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला धरून असतात, मनगटाला कफ धरतो तसे. म्हणून त्यांचं नाव कफ! वर जो गुबगुबीत स्नायू लोक मिरवतात, तो नुसतं बाहेरचं कापड; घडी धरून ठेवतात ते आतले चौघे. त्यातला सगळ्यात वरचा, हात बाजूला उचलायला हातभार लावणारा, तो माझा फाटला. आणि मी हात बांधून बसलो म्हणून सांध्याभोवतीचं अस्तर आटलं. अस्तर आटलं की कोटाचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला हवं का?

मग व्यायाम. वाकून हातात इस्त्री लोंबती धरायची आणि लोलकासारखी झुलवायची. (थंड इस्त्री. हे बाईंनी सांगितलं नव्हतं, अनुभवाने कळलं.) आणि बोटांनी भिंत चढायची. वहिनी माझ्याच खडूने भिंतीवर खुणा करते. आधी बोटं दिव्याच्या बटणापाशी अडायची, मग कॅलेंडरपर्यंत गेली, आणि काल, अरे काल, खिडकीची वरची चौकट! मी ओरडलो, वहिनी ओरडली, वरच्या मजल्यावरच्यांनी जमीन ठोकली.

आणि कोट तयार आहे! तुझं-माझं माप एकच, म्हणून मागच्या महिन्यातच तो स्वतःच्या अंगावर चढवून, आरशासमोर उभं राहून बाह्या बेतल्या होत्या. काल उजवी बाही लागली. तेव्हा तयार कोटाचं नाव काढू नकोस.

तुझा,
थोरला

ता. क. आत्ता कोट पुन्हा घालून पाहिला. मागच्या महिन्यात माझा खांदा कानाकडे होता, हे ध्यानातच आलं नव्हतं. तो आता खाली आला, कोटाचा वरच राहिला. फार नाही, बोटभर. लग्नापर्यंत उजवा खांदा जरा उचलून धरायची सवय कर.

आणखी एक. बाही आवळ बसली आहे, हात छातीच्या वर जाणार नाही. नवरी तुझ्यापेक्षा उंच, तेव्हा फोटोत तिच्या खांद्यावर हात टाकायला जाऊ नकोस. तिलाच तुझ्या खांद्यावर ठेवू दे. तो वर आलेलाच आहे, तिला वाकावं लागणार नाही.

भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून ह्यांच्या नकळत लिहिते. बोटभर नाही, चांगलं तीन बोटं आहे. तरी तयार कोट घेऊ नका. हे रोज "धाकट्याची बाही, धाकट्याची बाही" म्हणत भिंत चढलेत. मी गुपचूप डाव्या खांद्यातही तेवढंच भरण घातलंय. आता दोन्ही खांदे अगदी सारखे दिसतात. मान तेवढी दिसत नाही.