वळणावरचे दोन डिपर

ती. दादा यांस,

धाकट्याचा नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करायची असते म्हणून करतो: रक्तदाब कसा आहे, गुडघा काय म्हणतो, गोळ्या वेळेवर घेता का? (उत्तरं मला ठाऊक आहेत. वहिनी आणि आमची ही रोज फोनवर बोलतात. अबोला फक्त आपल्या दोघांत आहे, हे त्या दोघींना कोणी कळवलेलंच नाही.) वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून तुम्ही घरात एकटे आहात, डबा आमच्याकडून येतो आणि तुम्ही तो न कुरकुरता खाता, हेही समजतं. "तुम्ही" वाचून चमकू नका. जन्मभर अरे-तुरे केलं खरं, पण गेल्या उन्हाळ्यापासून ज्याच्याशी शब्द बोललो नाही त्याला एकदम "तू" म्हणायला जीभ वळत नाही, आणि लेखणी तर त्याहून नाही.

पत्राचं कारण गाडीचे दिवे. हसू नका. भांडणाची उजळणी करायची नाही असं ठरवूनच बसलो होतो, पण थोडी करावीच लागेल. मी नवी गाडी घेतली आणि कौतुकाने तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही उभ्या आयुष्यात गाड्यांचं वायरिंग आणि दिवे दुरुस्त केलेत, त्यामुळे तुम्ही इंजिन पाहिलं नाहीत, सीटवर बसला नाहीत, फक्त समोर उभं राहून दिव्यांकडे टक लावलीत आणि सगळ्या सुनामुलांसमोर विचारलंत, "ही रागावलीय का? कोणावर?" तेही मी गिळलं. पण त्याच आठवड्यात पुलावर आपण समोरासमोर आलो, माझे दिवे तुमच्या डोळ्यांवर आले आणि तुम्ही तुमची जुनी गाडी कठड्याला घासलीत. खाली उतरून तुम्ही ओरडलात, आंधळं करायचंय का मला, दिवे चुकीचे आहेत. मी म्हणालो, डोळे चुकीचे आहेत. तुम्ही दिवेवाले, मी चष्मेवाला. दोघंही आपापल्या धंद्याला जागून बोललो. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण मी पुढे म्हणालो की दुकानात ये, फुकट तपासून देतो, म्हातारपणी असं व्हायचंच. त्यातलं "फुकट" तुम्हाला लागलं की "म्हातारपणी", हे मला आजतागायत कळलेलं नाही. (मधे तुम्ही नवा चष्मा केलात आणि तोही पेठेतल्या त्या दुसऱ्या दुकानातून, ही बातमी मला पोचली. नंबर बरोबर निघाला असेल अशी आशा करतो. फ्रेम चेहऱ्याला मोठी होते असं हिचं म्हणणं.)

आता या दिव्यांबद्दल माझं मत ऐका, कारण ते निम्मं बदललंय. पूर्वी गाडीला डोळे असायचे. दोन, गोल, काचेचे आणि जरा भाबडे. बाबांची मालाची गाडी समोरून पाहिली की बिचारी काहीतरी आणायला विसरलीय असं वाटायचं. आता दिवे म्हणजे ब्लेडने पाडलेल्या चिरा. बरं, वर जी चकचकीत बारीक पट्टी दिसते तो दिवा नव्हेच, ती नुसती भुवई. खरा दिवा खाली बंपरात, जिथे पूर्वी धुक्याचा दिवा असायचा, तिथे दडवलेला. भुवया कपाळावर आणि डोळे गालावर! असं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं तर मी चष्मा टेकवू कुठे? वळायचा दिवा पूर्वी नुसता लुकलुकायचा, आता मुंग्यांची रांग निघाल्यासारखा एका कडेने धावत जातो. किल्ली घेऊन जवळ गेलं की गाडी दिवे नाचवून स्वागत करते आणि बंद केली की निरोप देते. (आमच्या घरात इतकं अगत्य कोणी दाखवत नाही.) आणि तो पांढरा उजेड! त्यात सापडलेल्या माणसाला आपण काहीतरी चोरलंय असं वाटू लागतं. दिवा गेला तर तुम्ही पेचकस घेऊन उभ्या उभ्या बल्ब बदलून द्यायचात, आता म्हणे अख्खा जबडाच नवा बसवावा लागतो. पण खरं तेही सांगितलं पाहिजे. याच उजेडात रस्त्यावर आडवं पसरलेलं एक कुत्रं मला लांबून दिसलं आणि ते वाचलं. आत बसणाऱ्याला हा दिवा फार चांगला आहे हो. त्रास आहे तो समोरच्याला.

तर मूळ मुद्दा. आपल्या घरचा नियम तुम्हाला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बाबा माल पोचवून परतताना नदीकाठच्या वळणावर आले की दिवा दोनदा वर-खाली करायचे. दोन डिपर, म्हणजे आलो, ताटं घ्या. नदीपलीकडून आई घराच्या व्हरांड्यातला दिवा एकदा घालवून परत लावायची, म्हणजे कळलं. बाबा गेले, आई गेली, घर तुमच्याकडे आलं, मी टेकडीवर राहायला गेलो, तरी दुकान बंद करून त्या वळणावर आलो की मी दोन डिपर देत होतो आणि तुम्ही व्हरांड्यातून उत्तर देत होता. त्यात ताटांचा काही संबंध उरला नव्हता. दोघंही दिवसभर धडपडून शाबूत परत आलो, एवढाच अर्थ. भांडणानंतर मी डिपर बंद केला. वळणावरून जाताना मान सरळ ठेवायचो, डोळा तेवढा तिकडे जायचा. (दिवा दिसायचा. लागलेला असायचा, पण हलायचा नाही.)

मग मी गाडी सर्व्हिसिंगला दिली आणि ती परत आली तेव्हा तिला अक्कल फुटलेली होती. वर्कशॉपवाल्याने मला न विचारता अप्पर-डिपर आपोआप होण्याची सोय चालू करून दिली होती. अंधार दिसला की गाडी स्वतःच दिवा वर करणार, उजेड दिसला की खाली. मला यातलं काही माहीत नाही. त्या संध्याकाळी वळणावर आलो. झाडीत काळोख, दिवा वर. कोपऱ्यावरचा खांब आला, दिवा खाली. खांब गेला, पुन्हा वर. पुढे चहाची टपरी, पुन्हा खाली. म्हणजे नदीपलीकडून पाहणाऱ्याला दोन डिपर, अगदी बाबांच्या हातचे. मी हबकून स्टिअरिंगमागच्या कांड्या शोधतोय, बटणं दाबतोय, वायपर सुरू होतायत, आणि तेवढ्यात तुमच्या व्हरांड्यातला दिवा गेला आणि परत लागला.

दादा, मी घामाघूम झालो. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता तोंड मिटून बसा. दुसऱ्या दिवशी गाडीने पुन्हा तेच केलं आणि तुमचा दिवा पुन्हा बोलला. तिसऱ्या दिवशी वळणाआधी मी वेग कमी केला. कशासाठी? तर खांब आणि टपरी यांच्यामध्ये गाडीला नीट वेळ मिळावा म्हणून! त्यानंतर दुकानात संध्याकाळ झाली की माझं लक्ष लागेना. एका बाईंना लांबचा चष्मा जवळचा म्हणून देऊन बसलो. तुमचा दिवा मला हवासा वाटत होता आणि तो मी फसवून मिळवतोय हे रोज टोचत होतं. मी अजून रागावलेलाच होतो. गाडी परस्पर समेट करून मोकळी झाली होती. तुम्ही उत्तर देत होतात ते एका यंत्राला, आणि तुम्हाला ते ठाऊक नव्हतं.

परवाची संध्याकाळ. नदीवर धुकं उतरलेलं. वळणावर आलो, दोन डिपर झाले. मी पलीकडे बघतोय. काही नाही. नुसतं काही नाही असं नव्हे, व्हरांड्यात उजेडच नाही. म्हटलं धुक्यामुळे असेल. गाडी मागे घेतली, वळण पुन्हा घेतलं. पुन्हा दोन डिपर, पुन्हा अंधार. हिला फोन केला, तिने तुम्हाला केला, तुम्ही उचलला नाहीत. तिने परत केला, परत नाही. वहिनी परगावी. तू घरात एकटा, दादा, आणि तुझा रक्तदाब. जिना उतरताना तू कठडा धरत नाहीस, मला माहीत आहे. मी गाडी पुलाकडे पिटाळली. पुलाच्या मधोमध समोरून एक धिप्पाड गाडी आली, तिचे दिवे बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत, आणि मला पूल दिसेना, कठडा दिसेना, स्वतःचे हात दिसेनात. कर्रर्र आवाज आला तेव्हा कळलं की कठडा डावीकडे आहे. काच खाली करून मी ओरडलो, "आंधळं करायचंय का मला?" ओरडल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे, याच पुलावर, आणि तेव्हा त्यावर उत्तर मी दिलं होतं.

तुझ्या फाटकाशी पोचलो तर तू पायरीवर उभा. शर्टावर उलटा घातलेला स्वेटर, हातात गॅरेजातला तो जुना टॉर्च. व्हरांड्याचा बल्ब गेला होता, म्हणून तू टॉर्च वळणाच्या दिशेला धरून उघड-मीट करत होतास, थांबून, परत करत होतास. त्याचा उजेड फाटकापर्यंतही पोचत नव्हता. तुला वाटत होतं पलीकडे मी थांबलोय. माझे दिवे तुझ्यावर पडले, तू आडवा हात डोळ्यांवर धरलास आणि ओरडलास, "कोण आहे? दिवे पाडा खाली!" मला तू सगळा दिसत होतास, दाढीच्या खुंटांसकट. (फ्रेम मोठी होते. हिचं बरोबर आहे.) तुला मी अजिबात दिसत नव्हतो. तू धडधाकट आहेस हे पाहून मला रडू आलं, हे लिहून टाकतो. उतरायला हवं होतं. पण तू म्हणाला असतास, डिपर दिलास ना रे, आणि मला सांगावं लागलं असतं की मी नाही, गाडीने. ते तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मी गाडी मागे घेतली आणि पळालो.

तर ते डिपर माझे नव्हते. एवढंच कळवायचं होतं. तुम्ही (बघा, मधे घसरलो होतो) रागवायचं असेल तर रागवा, पण यंत्रावर विसंबून दिवे हलवू नका. वहिनी आल्या की त्यांना नमस्कार सांगा, बाळ-बाळंतिणीला आशीर्वाद.

आपला,
धाकटा

ता. क. : पुलावर घासल्याचं हिला बोलू नका. दुकानासमोर कोणीतरी ओरखडून गेलं असं मी सांगितलंय. हे पत्र तीच डब्याबरोबर आणणार आहे. पाकीट चिकटवलंय, पण तिचा भरवसा नाही.

ता. क. २ : वर्कशॉपवाल्याकडून ती आपोआपची सोय काल बंद करून घेतली. दिव्यांची उंची कमी कर म्हटलं तर म्हणतो, कंपनीने ठरवलीय तीच बरोबर. मला पटलेलं नाही. एखाद्या रविवारी पेचकस घेऊन आलात तर दुकानाचं शटर वर करून गाडी समोर लावू. उजेड कुठे पडतो ते बघायला आतली तक्त्याची भिंत चांगली सरळ आहे. अक्षरांचा तक्ता तिथेच टांगलेला असतो, त्याला माझा इलाज नाही. जाता जाता वाचलात तर वाचलात.

ता. क. ३ : सोय बंद असल्यामुळे आता ही गाडी स्वतःहून काही करत नाही. तेव्हा आज संध्याकाळी वळणावर दोन डिपर दिसले तर त्याचा दोष गाडीला देऊ नकोस. डब्याच्या पिशवीत, बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळून एक बल्ब ठेवलाय. व्हरांड्यासाठी. पिवळा आणलाय, पांढरा नाही.