एक टक्का युरिया

२ डिसेंबर १९९६, बारामती

निघालं एकदाचं उत्तर! गायीला लागतं ते सगळं मिळालं पाहिजे आणि खाद्याचं पोतं स्वस्तात स्वस्त पडलं पाहिजे — मका किती, सरकी किती, कोंडा किती, मळी किती, संगणकानं बिनबोभाट सांगितलं. प्रथिनांची भरती स्वस्तात करायला युरिया असतो. त्यावर मी मर्यादा घातली होती, एक टक्का. पठ्ठ्यानं बरोबर एक टक्काच उचलला!

संख्याशास्त्रात एम.एस्सी. आणि नोकरी पशुखाद्याच्या कारखान्यात, म्हणून मावशी नाक मुरडते. मुरडू दे. पहिलं पोतं अंथुर्ण्याला आईकडे पाठवलं.

५ डिसेंबर

मालकांना, म्हणजे बापूसाहेबांना, निकालाचा कागद समजावायला गेले. त्यांनीच मला समजावला!

शेवटच्या रकान्यात प्रत्येक अटीची किंमत असते — ती अट जराशी सैल केली तर खर्च किती कमी होईल. खाद्यात तंतू निदान किती हवेत, त्या अटीपुढे शून्य. "शून्य? मंग फुकटची अट हाय ही. काढून टाका की!" म्हटलं, गायीचं दावं आज ताणलेलं नाही म्हणून सोडून देता का साहेब? हसले. मग बोट युरियावर आलं. "हितं तर लई वाचतंय! दोन टक्के करा. न्हायतर पाचच करा!"

तो आकडा ठरावीक पल्ल्यापुरताच खरा असतो, आणि एक टक्क्याची मर्यादा गायीच्या पोटानं घातलीय, त्यापुढे युरिया विष होतो, हे सांगेपर्यंत त्यांचा चहा आला. चहापुढे गणित काय टिकणार!

६ डिसेंबर

रजा, महापरिनिर्वाण दिनाची. बापूसाहेबांनी कारण विचारलं. गेल्या वर्षीही विचारलं होतं.

२२ डिसेंबर, अंथुर्णे

छकुली मरता मरता वाचली. आईची तीन महिन्यांची कालवड. मी पोचले तेव्हा पोट टम्म फुगलेलं, तोंडाला फेस, पाय लटपटत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी घशात व्हिनेगर ओतलं. तासाभरानं उठली.

डॉक्टरांनी पोतं बघितलं. "भिजवलं होतं का?" आई त्यांच्यावरच उखडली — "भिजवल्याबिगर कुनी आंबोण देतं व्हय? धारंला गाय हुबी तरी ऱ्हाईल का! आन् वरचं पानी छकुलीला पाजते. सगळं सत्त्व त्यातच असतंय."

सत्त्व! सगळा युरिया त्या पाण्यात उतरलेला. पोत्यावर आम्ही छापलंय, 'कोरडेच द्यावे'. आमच्या भागात कोरडं देणारी बाई दाखवा आणि बक्षीस न्या! इतक्या अटी घातल्या मी, पण आईची बादली एकाही अटीत नव्हती.

बाबा गेल्यापासून आई माणसांपेक्षा छकुलीशीच जास्त बोलते. मला फार भीती वाटली आज.

२३ डिसेंबर, बारामती

युरिया शून्य. पुन्हा गणित. एका अटीनं सगळं उत्तर हललं! शेंगदाण्याची पेंड आत आली, कोंडा मागं सरला, पोतं महागलं.

बापूसाहेब कागदाकडे बघतच बसले. "महागल्यावर गिऱ्हाईक ऱ्हाईल का? ते बसतंय का तुमच्या ह्या कागदात?"

म्हटलं, खप आहे तेवढाच धरलाय.

"धरलाय? कुनी?"

मी! आता ह्यांना काय शिकवायचं? गाढवापुढे वाचली गीता. म्हटलं, चार वासरं मेली की खप आपोआप शून्य होईल, त्याला संगणक लागत नाही. आणि युरियाच्या मिश्रणावर मी सही करणार नाही. करायचं ते करा.

ऐटीत बाहेर आले. बाहेर आल्यावर पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचत बसले, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

३० डिसेंबर

बापूसाहेब मानले! बिनयुरियाची पोती आज सुटली. अंथुर्ण्याच्या दुकानात फोन करून आईला बोलावून घेतलं. म्हटलं, आता पेंडीत युरिया नाही. पूर्वीसारखं भिजव, पाणीही पाज. आईचा जीव भांड्यात पडला. माझाही.

११ जानेवारी १९९७

बिनयुरियाची कल्पना बापूसाहेबांना सुचली होती, असं आज शेतकरी मेळाव्यात त्यांच्याच भाषणातून कळलं. टाळ्या मीही वाजवल्या.

२६ जानेवारी, अंथुर्णे

छकुली गेली. डॉक्टर येईपर्यंतसुद्धा थांबली नाही.

गोठ्यात दुसऱ्याच कारखान्याचं पोतं. बारीक अक्षरात — युरियायुक्त. आई सकाळपासून एकच बोलतेय, "तुमचं महागलं गं बाय, म्हून ह्ये आनलं. पानी तर तुला इचारूनच पाजलं."