इंचाचा दहावा भाग

सेक्टर २, भिलाई
रविवार, ता. १० सप्टेंबर १९६१

ती. देवीदासमामांस,
सत्यशीलेचा सविनय जय भीम. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. ऑगस्टात पाऊस नसतानाही माझ्या डब्यात पाणी सापडलं, असे दिवस मी चौदा लिहिले होते. ते तेरा आहेत. एकोणीस तारखेला सकाळी खरोखरच भुरभुर झाली, असं शेजारच्या राधाबाई सांगतात आणि त्यांची भिजलेली चादर साक्षीला आहे. कृपया तुमच्या वहीतही चौदाचे तेरा करावेत. या एका दिवसापायी मी दोन वेळा जेवले नाही असं माय म्हणते. ते खरं नाही. एकच वेळ जेवले नव्हते.

बाकी सगळं तुम्ही शिकवल्याप्रमाणे चालू आहे. डालड्याचा डबा अंगणाच्या मधोमध असतो. सकाळी साडेआठला पट्टी बुडवते, आकडा पाहते, डबा ओतून परत ठेवते आणि आत जाऊन लिहिते. दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत आत डोकावत नाही. तरीही त्या तेरा कोरड्या दिवसांत डब्यात पाणी होतं, आणि दर वेळी इंचाचा दहावा भाग. कमी नाही, जास्त नाही.

क्रेन चालवणारे आनंदराव आमच्या हवा मंडळाचे अध्यक्ष आहेत, कारण ते सगळ्यांपेक्षा उंच बसतात. ते म्हणतात, पोलादाच्या कारखान्यात लाल तापलेला कोक-कोळसा पाण्यानं विझवतात तेव्हा वाफेचा डोंगर उठतो, तो वाऱ्यानं सेक्टर दोनवर येतो आणि आमच्यावर रोज दहावा भाग जास्त पडतो. राधाबाईंना हे मान्य नाही. आपला गुडघा दुखल्याशिवाय पडलेल्या पाण्याला त्या पाऊस म्हणतच नाहीत. मंडळात आम्ही तिघंच आहोत आणि मतं तीन आहेत.

आता खरी बातमी. आनंदरावांनी माझा तक्ता मरोदा तलावाकडच्या साहेबांना नेऊन दाखवला. तिथे सरकारी पाऊसमापक आहे आणि रोजची नोंद ठेवायला माणूस हवा आहे. साहेबांना माझं अक्षर आवडलं. ते म्हणाले की येत्या मोठ्या पावसात दोन्हीकडचे आकडे ताडून पाहू. तुमचा आकडा खरोखर दहाव्या भागानं जास्त निघाला तर मुलीचं काम पक्कं समजून ती जागा तिला देऊ. बाबा म्हणतात, जागा मिळाली तर गोंदियाच्या स्थळाला पुढच्या वर्षी उत्तर देऊ. नाही मिळाली तर याच वर्षी देऊ. मामा, मला ती जागा हवी आहे. हे घरात कुणाला एवढं स्पष्ट सांगितलेलं नाही.

तुमच्याकडे समुद्रात काही हालचाल दिसली तर लगेच कळवावं. मायचा जय भीम. तुमची माया आहेच, ती मोजायला मी डबा ठेवत नाही.

तुमची,
सत्यशीला


विजयनगरम स्टेशन
सोमवार, ता. १८ सप्टेंबर १९६१

चि. सत्यशीला हीस,
अ. आ. व जय भीम.

पोट्टे, खुश हो. आलं!

काल दुपारपासून तारा गुणगुणून राहिल्या आहेत. मी तारबाबू, मला वाटलं कोणी चुकीचा संदेश पाठवतं आहे. पाहतो तर वारा. आज सकाळी स्टेशनमास्तरांची टोपी प्लॅटफॉर्म एकवरून निघाली ती विना तिकीट मालधक्क्यापर्यंत गेली. समुद्राकडून येणारी माणसं सांगतात की लाटा रस्त्यावर येऊन बसल्या आहेत. बंदरावर धोक्याची खूण चढली आहे. इकडचे लोक दारं-खिडक्या बांधून घेत आहेत आणि मी छत्री घेऊन बाहेर उभा आहे, म्हणून तुझ्या मामीनं माझ्याशी बोलणं सोडलं आहे. तेवढीच शांतता.

वादळाचा रोख तुमच्याच बाजूला आहे. हे पत्र आणि वादळ आज एकाच वेळी निघत आहेत. वादळाला रायपूरला गाडी बदलावी लागत नाही, पण त्याला वाटेत डोंगर आहेत. कोण आधी पोचतं ते कळव. मी पत्रावर भजी लावली आहेत.

आता नीट वाच. पत्र हातात पडल्याबरोबर डबा पुन्हा ओत, फडक्यानं कोरडा पूस आणि भोवती चार विटा लाव, नाहीतर तुझा डबा दुर्गला सापडेल. वादळाचा पहिला थेंब कोरड्या पत्र्यावर पडला पाहिजे. सकाळी ओतला होता, आता कशाला, असं म्हणू नको. हा पाऊस म्हणजे तुझी परीक्षा आहे आणि पेपर कोरा हवा.

राधाबाईंच्या गुडघ्याला माझा नमस्कार. रुक्माताईला सांग की तिचा भाऊ अजून वाऱ्यानं उडालेला नाही. इथून आशीर्वाद वाऱ्यावर सोडतो आहे. खिडकी उघडी ठेव.

तुझा,
देवीदासमामा


सेक्टर २, भिलाई
रविवार, ता. २४ सप्टेंबर १९६१

ती. देवीदासमामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही भजी जिंकलीत. पत्र बुधवारी सकाळी अकराला आलं आणि वादळ साडेअकराला. पोस्टमननं एका हातानं पत्रं आणि दुसऱ्या हातानं सायकल धरली होती. दोन्ही त्याच्या हातून सुटायला पाहत होती.

आनंदराव दहालाच घरी आले होते. एवढ्या वाऱ्यात क्रेन चालवत नाहीत, बांधून ठेवतात. सुट्टी मिळालेल्या पोरासारखे ते ओट्यावर उड्या मारत होते आणि पूर्वेकडे बोट दाखवून ओरडत होते की पाहा, ढग काळा नाही, जांभळा आहे. राधाबाईंचे दोन्ही गुडघे धरले होते. एका गुडघ्याचा पाऊस साधा, दोन्हींचा म्हणजे समुद्राचा, असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. मी त्यांना तेल चोळू का विचारलं तर म्हणाल्या, खबरदार, आता कुठे दुखायला लागलं आहे.

मी तुमच्या सांगण्याप्रमाणे डबा ओतला, पुसला, विटा लावल्या आणि पट्टी आणायला आत गेले. एरवी मी डबा ठेवल्यावर पाहत नाही. त्या दिवशी राहवलं नाही, खिडकीतून पाहिलं. मामा, माय डब्याजवळ वाकली होती. तिनं तांब्यातून तळहातावर पाणी घेतलं आणि डब्यात सोडलं.

मी धावत गेले. मायचा चेहरा असा झाला की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. मग तीच माझ्यावर रागावली. म्हणाली, एवढं वादळ दारात येऊन राहिलं अन् तू डब्बा पुसून रिकामा ठेवून राहिली, कावून? मी विचारलं की हे कधीपासून. ती म्हणाली, तू डब्बा ठेवाले लागली तवापासून. मी आत लिहायला गेले की ती रोज चूळभर पाणी घालते. रोज. तिचा हात मिठाला जसा चुकत नाही, तसाच पाण्यालाही चुकलेला नाही. आनंदरावांचा वाफेचा डोंगर म्हणजे आमची माय आहे.

मी डबा पुन्हा ओतणार तेवढ्यात टपोरे थेंब सुरू झाले. आता ओतला तर मायच्या पाण्याबरोबर वादळाचं पाणीही जाणार होतं. म्हणून राहू दिला. मागून दहावा भाग वजा करू असं ठरवलं. मायनं एवढंच मागितलं की बाबांना सांगू नको. तुम्हाला माहीतच आहे, नागपूरला दीक्षा घेतल्यापासून बाबांनी घरात शकुन-अपशकुन बंद केले आहेत. मांजर आडवं गेलं तर ते काम नसतानाही मुद्दाम त्याच वाटेनं जातात.

मग पाऊस. कसा सांगू? तो वरून पडत नव्हता, बाजूनं येत होता. समोरच्या क्वार्टरच्या दोरीवरची लुगडी पतंगासारखी उठली आणि वारा त्यातलं एक आमच्या कडुनिंबाला नेसवून गेला. आम्ही तिघं ओट्यावर उभे राहून नखशिखान्त भिजलो. राधाबाई मोठ्यानं हसत होत्या. आनंदरावांनी वाऱ्याला सलाम केला. त्या दोन तासांत मी डबा, जागा, गोंदिया, सगळं विसरले होते, हे खरं आहे म्हणून लिहिते.

गुरुवारी सकाळी मला ताप भरला. साडेआठला बाबांनी स्वतः पट्टी बुडवली. पाच इंच आणि सहा भाग. दुपारच्या पाळीला जाताना ते वाट वाकडी करून मरोद्याला गेले आणि आकडा सांगून आले. तिथला आकडा पाच इंच आणि पाच भाग. बरोबर दहाव्या भागाचा फरक! साहेब म्हणाले की मुलीनं सांगितलं तसंच निघालं, शुक्रवारी सहा ऑक्टोबरला कागदावर सही करायला तिला घेऊन या. बाबांनी येताना पेढे आणले.

बाबा पट्टी घेऊन निघाले तेव्हा मी जागी होते. एक भाग कमी सांगा, एवढं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. ताप होता हे कारण नाही. ताप फार नव्हता.

पेढा मी अजून खाल्लेला नाही. काय करू ते लवकर कळवावं. तुमच्या उत्तराची वाट पावसापेक्षा जास्त पाहते आहे.

तुमची,
सत्यशीला


विजयनगरम
बुधवार, ता. २७ सप्टेंबर १९६१

चि. सत्यशीला हीस,
अ. आ. व जय भीम.

तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि इतका हसलो की रायगडा स्टेशनचा एक संदेश मला दोनदा मागवावा लागला. रुक्माताई! लहानपणी माझ्या ताटातली भाकर ती अशीच गुपचूप वाढवायची आणि मला वाटायचं की आज भूक कमी लागली.

पण मी अडचणीत आहे. वाफेच्या पावसाचा सिद्धांत मी इथे स्टेशनमास्तरांना समजावून सांगितला आहे, फलाटावर खडूनं आकृती काढून. आता त्यांना काय सांगू? ती वाफ माझ्या बहिणीच्या तांब्यातून निघते?

तेव्हा माझं ऐक. सहा तारखेला सही कर. सात तारखेला साहेबांना हळूच सांग की डब्यात थोडा दोष होता, आता काढला. यात खोटं काय? दोष होताच. अक्षर तुझं, मेहनत तुझी, तीन महिने एक दिवस न चुकता उठलीस तू. चूळभर पाण्यासाठी अख्खं तळं कोण सोडतं? आणि पेढा खा. शिळा पेढा कोणत्याही धम्मात पुण्याचा नाही.

तुझं मन मला ठाऊक आहे, म्हणून जास्त आग्रह करत नाही. थोडा करतो.

माझा हात तुझ्या डोक्यावर आहेच, छत्रीसारखा, जरा गळका.

तुझा,
देवीदासमामा


सेक्टर २, भिलाई
रविवार, ता. १ ऑक्टोबर १९६१

ती. देवीदासमामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा सहा तारखेपर्यंत पटलं आणि सात तारखेला अडलं. त्या जागेवर काम एकच आहे, जे असेल ते लिहायचं. पहिलीच सही न जुळणाऱ्या आकड्याखाली केली तर पुढे रोज साडेआठला मी पट्टीकडे कोणत्या तोंडानं पाहू?

म्हणून परवा बाबांना सांगितलं. मायला आधी विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, सांग.

बाबा भडकले. देव सोडले, गंडे सोडले, आणि डब्यात पाणी कशाला, असं त्यांनी विचारलं. मायनं जे उत्तर दिलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही. ती म्हणाली, देव मी तुमच्यासंगंच सोडले, मंग मांगं पाह्यलं नाई. हे देवाचं नाई. गावच्या विहिरीवर मी रिकामी घागर ठेवून दिवस-दिवस बसलो, कोणी वरून पाणी वाढंल म्हणून. आता घरात नळ आहे. माह्या अंगणात रिकामं भांडं आभायाकडं तोंड करून बसलं, हे मले पाह्यवत नाई. म्हणून घालतो.

मामा, तीन महिने मी तो डबा रोज पाहिला आणि मला तो फक्त डबा दिसला.

बाबा उठून अंगणात गेले आणि डब्याभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले की आधी हिचा हात तपासा. मायनं दहा वेळा चूळभर पाणी घातलं, मी दहा वेळा मोजलं. नऊ वेळा बरोबर दहावा भाग, एकदा केसभर जास्त, तेव्हा राधाबाई मधेच बोलल्या होत्या. बाबा म्हणाले, आमच्या पोलादाच्या मिलमध्येही एवढं पक्कं माप नाही. आनंदरावांना सांगितल्यावर ते क्षणभर दुःखी झाले आणि लगेच म्हणाले की उरलेला सिद्धांत अजून शाबूत आहे. कोणता उरलेला, ते आम्ही विचारलं नाही.

तीन महिन्यांचा तक्ता मी पुन्हा लिहून काढला. प्रत्येक आकड्यातून दहावा भाग वजा केला आणि शेवटी कारण लिहिलं, मायच्या नावासह. वादळाच्या ओळीत आता पाच इंच आणि पाच भाग आहेत, मरोद्याइतकेच. म्हणजे डबा खरा होता, मीही बरोबर मोजत होते, फक्त फरक नव्हता. साहेबांनी जागा फरकावर देऊ केली होती. ती जाईल, असं मी धरून चालले आहे. गोंदियाचं पत्र बाबांच्या खिशात आहे. त्यांनी ते अजून बाहेर काढलेलं नाही, एवढं मी पाहिलं आहे.

मी एकटीच जाणार होते. माय म्हणते, तू एकटी गेली तं साहेबाले वाटंल पोरगी बहाणे सांगून राहिली. मी येतो, मी हात दाखवतो. तिनं हिरवं लुगडं धुऊन ठेवलं आहे आणि स्वतःचा तांब्याही घासला आहे. मी म्हटलं, तलावावर पाण्याला तोटा नाही. ती म्हणाली, त्याहीचं पाणी त्याहीचं, आपला तांब्या आपला.

स्टेशनमास्तरांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहावं. मामींना जय भीम. आमच्यावर हसत राहावं, पण आम्हाला सोडू नये.

तुमची,
सत्यशीला

ता. क. सही शुक्रवारी आहे, ती व्हायच्या आत सांगायचं. बाबांनी पाळी बदलून घेतली. पॉवर हाउसच्या थांब्यावरून बस धरून देतो म्हणाले. साहेब साडेआठला स्वतः मापकाजवळ असतात. आम्ही दोघी तिथे असू, बुधवारी, ४ ऑक्टोबरला.