कपाटातली मधली फळी

लंडन, गुरुवार, एप्रिल १९२६

प्रिय हॅना,

आम्ही सगळे सुखरूप पोहोचलो. इथला चहा म्हणजे नुसतं गढूळ पाणी, पण आपला विल्फ पोटभर जेवतो. खेळाडूंचे शर्ट मी स्वतः इस्त्री करून टांगलेत.

शनिवारच्या फुटबॉल फायनलआधी तू क्लबचं बक्षिसांचं कपाट पुसायला जाशील, तेव्हा एवढं सांभाळ. मधल्या फळीवरचे किरकोळ पेले कुणाला हलवू देऊ नकोस. मागच्या दोन्ही फायनलना ऑर्मरॉड चेअरमननी कपासाठी आधीच जागा करून ठेवली, आणि दोन्ही वेळा आपण हात हलवत परत आलो. माझ्या वडिलांच्या वेळचा तो एकच मोठा कप, त्याला अजून जोडीदार नाही. चेअरमन आलेच तर सरळ सांग, "साहेब, मूल जन्मायच्या आधी पाळणा बांधू नये."

विल्फचा गुडघा सुजलाय असं कुणी म्हणालं तर कानाआड कर. खेळ सुरू झाल्यावर बदली खेळाडू घेता येत नाही, म्हणून लोकांना उगाच धसका. मी रोज शेकतोय. काल तो मला म्हणाला, "बाबा, आईला कळवलंस तर तुझ्याशी बोलणार नाही." म्हणून मी काही कळवत नाही.

तुझा खोकला कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना?

कपाटात जागा करू नकोस. विल्फचं अंथरूण मात्र खाली, चुलीपाशी घाल. जिंकलो काय, हरलो काय, त्याला जिना चढता यायचा नाही.

घराकडे डोळे लागलेला,
क्लेम