शेवंताबाईचा डबा

प्रिय माय,

काल कचेरीत जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकलं आणि तू दिसलीस. मुदखेडजवळचा तो खडीचा रस्ता, ऊन इतकं की सगळं पांढरं, आणि त्यावरून तू सावकाश चाललेली. हातात शेवंताबाईचा पितळी डबा. मी हाका मारत होते, तू वळून हसत होतीस आणि पुन्हा चालायला लागत होतीस. अगं, घटकाभर थांबायचं तरी!

डोळे उघडले तरी तो पांढरेपणा बराच वेळ गेला नाही. म्हणून आज लिहायला बसले. तुला जाऊन वर्ष होत आलं, पण मला लिहायची होती ती माफी, आणि ती रिकाम्या हातानं मागवेना. शेवटी लेक कुणाची?

लातूर जिल्हा झाला तेव्हा तू काय विचारलं होतंस, आठवतं? "जिल्हा झाला म्हंजी हापशाला पाणी येतंय का गं?" पाणी नाही आलं, पण मला नव्या कचेरीत नोकरी लागली आणि तू गावभर सांगत सुटलीस. आता दर रविवारी आम्ही चौघीजणी सरकारी दवाखान्यात भाकरी-पिठलं घेऊन जातो. पेशंटला जेवण मिळतं, पण जळकोटकडून, शिरूरकडून सोबत आलेली माणसं झाडाखाली उपाशी बसून असतात. त्यांना पाहिलं की मला आपण दोघी दिसतो.

घरचेच डबे भरून देतो आणि पुढच्या रविवारी परत मागतो. तर हे डबे काही परत येईनात! आमच्यातली विमलताई एकदा वैतागली. "चोर आहेत सगळे. यापुढं कागदावर वाढायचं, डबे बंद," म्हणाली. चोर! माझ्या हातातली भाकरी तशीच हातात राहिली.

हा शब्द मी तुला म्हटला होता, माय.

सात वर्षांची असेन मी. मुदखेडच्या दुष्काळी कामावर तू खडी फोडायचीस आणि मी तापानं फणफणत बाभळीखाली पडलेली. ते दिवस मला अजून अर्धवट झोपेतले वाटतात. हातोड्यांचा आवाज कुठून तरी लांबून येतोय, ऊन हलतंय, मध्येच तुझा चेहरा जवळ येतोय. रस्त्याकडेच्या घरातून शेवंताबाई माझ्यासाठी ताकातल्या कण्या घेऊन आली. आपण बौद्ध वस्तीतले हे कळलं की लोक पाणीसुद्धा वरून ओतायचे. तिनं ओतलं नाही, डबाच तुझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मजुरांना ट्रकमध्ये घालून लांबच्या कामावर नेलं, आणि डबा आपल्याकडंच राहिला.

पुढं मी शाळेत गेले, अक्षरं जुळवायला लागले आणि डब्यावर कोरलेलं नाव वाचलं. शे-वं-ता-बा-ई. काय ऐट होती मला! चार बायकांसमोर विचारलं, "माय, ह्याच्यावर दुसरीचं नाव हाय. तू चोरलास व्हय?" बायका खो खो हसल्या. तू पीठ मळत होतीस, ते मळतच राहिलीस. एक थप्पड तरी द्यायचीस मला! त्या दिवसापासून डबा पेटीच्या तळाशी गेला.

पार अंथरुणाला खिळलीस तेव्हा कुठं बोललीस. "रिकामा कसा द्यावा कुणाचा डबा? आन् भरून न्हेला, आन् तिनं आपल्या घरचं खाल्लं न्हाई तर? ढोरापुढं टाकलं तर? हातात डबा दिल्याची तेवढी आठवण हाय, ती बी नासंल. त्यापरीस ऱ्हाऊ दे." एवढं बोलून भिंतीकडं तोंड केलंस. तेव्हाच म्हणायला हवं होतं, चुकले गं. मी औषधाची बाटली हलवत बसले.

विमलताईला हे सगळं सांगितलं. तिनं कागदाचा हट्ट सोडला. मग आम्ही झाडाखालच्या बायकांना सांगायला लागलो, डबा परत आणताना त्यात असेल ते घाला, आम्ही खाऊ. एकीनं चिंचा आणल्या, एकीनं फुटाणे, एकीनं नुसतं मीठ. निम्मे डबे आले.

मग मी पेटी उघडली. शेवंताबाईचा डबा चिंचेनं घासला, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरली. एस.टी.नं नांदेड, तिथून रेल्वेनं मुदखेड. वाटेत तुझीच भीती आता मला. दोनदा वाटलं, फिरावं माघारी.

रस्त्याकडेचं घर विचारत गेले, तर शेवंताबाई ओट्यावरच बसली होती, पार म्हातारी. एका डोळ्यानं दिसत नाही. तिनं डब्यावरचं नाव बोटांनी चाचपलं. "हाव, माझाच की! कुठं गावला?" मी सगळं सांगितलं. आपण कोण, तेही.

"ते ठावं होतं मला तवा बी," ती म्हणाली. "पर खरं सांगू का पोरी? तवा तुझ्या मायनं भरून आणला असता तर माझी सासू होती घरात. मी खाल्लं असतं का, न्हाई सांगता येत."

म्हणजे तुझी भीती खोटी नव्हती, माय! तिनं डबा उघडला, धपाटं मोडलं, चटणीला लावलं आणि खाल्लं. "लई तिखट करतीस," म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला. मला रडू आवरेना.

निघताना तिनं डबा धुतला, त्यात ज्वारीच्या कण्या भरल्या आणि माझ्या हातात दिला. "न्हे तुझ्या दवाखान्याला. हितं खाणारं कोण हाय आता?"

मागच्या रविवारी तो डबा मी शिरूर अनंतपाळहून आलेल्या एका बाईला दिला. तिच्या मांडीवर तापानं निजलेली लेक होती. या रविवारी पाहिलं तर झाडाखालची जागा मोकळी. लेकीला बरं वाटलं, घरी सोडलं, आणि डबाही गेला. विमलताईनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

त्या बाईला मी चोर म्हणणार नाही आणि कुणाला म्हणू देणार नाही. ती कधीही येवो, डब्यात जे काही घालून आणील ते मी तिच्यासमोर, तिथंच बसून खाईन. हा माझा शब्द.

तू मात्र एक कर. त्या पोरीला अक्षरं जुळवता यायला लागली, की एखाद्या दुपारी तिच्या स्वप्नात जा, आणि ती आपल्या मायला काही विचारायच्या आत तिच्या तोंडावर हात ठेव.

माझं चुकलं, माय.

तुझी,
सुमी