दुःखाच्या वर्षातला तंबू

बोरगाव मेघे, वर्धा
दि. २० ऑक्टोबर १९८३

आदरणीय अण्णाजी यांसी,

रूपरावचा नमस्कार. इकडे सर्व जण दोन वेळा जेवून आहेत, आणि यंदा त्याहून अधिक लिहिण्यासारखे नाही. अल्लीपूरला तुम्ही, वहिनी आणि मुले ठीक असाल असे धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? कोकिळा असती तर तिने पहिली चौकशी भावाच्या गुडघ्याचीच केली असती, म्हणून मीही करतो. (त्याला कोणते तेल लावायचे ते तिला माहीत होते. मला नाही. गरम पाण्याने शेकून पाहा.) तेरवीनंतर तुमचे आमच्याकडे येणे झाले नाही. मी त्याचे कारण विचारत नाही. बहीण नसलेल्या घराकडे भावाचा पाय उचलत नाही, हे मला समजते. मला त्याच घरात राहावे लागते, एवढेच.

दिवाळीचे चार दिवस मात्र मला या घरात राहायचे नाही. लक्ष्मीपूजनाला ती फाटकापासून न्हाणीपर्यंत पणत्या ठेवायची आणि तेल सांडले की माझ्यावर ओरडायची, मी घरात असो वा नसो. यंदा पणत्या नाहीत. शेजारी सगळीकडे लागतील आणि मधे आमचे घर राहील. हे मी कोणाजवळ बोललो नाही. प्रभाकरला एवढेच म्हणालो, की तुझ्या दोघी मुलींना यंदा फटाके नाहीत, तर त्यांना कुठे तरी बाहेर नेऊ. त्याने कुठल्याशा मासिकात वाचले होते की परदेशातले लोक बायकामुलांसह जंगलात तंबू ठोकून राहतात आणि त्याला सुट्टी म्हणतात. बोर धरणाच्या काठावर, हिंगणीच्या पुढे, त्याच्या ओळखीच्या वनरक्षकाने जागा दाखवायचे कबूल केले. सूनबाई सुलोचना लगेच तयार झाली. राहिली आनंदाबाई.

आनंदाबाईला तुम्ही जाणता. (माझी थोरली बहीण, वयाने नऊ वर्षे मोठी, आवाजाने त्याहून जास्त.) कोकिळेच्या आजारपणात ती आष्टीहून आली ती इथेच आहे, आणि घरातले दुःख नीट पाळले जाते की नाही हे तीच पाहते. तिने परदेशातल्या लोकांची हकीकत पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, "त्याहिले घरं नाईत का?" प्रभाकर म्हणाला, आहेत. मग तिने दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. दुःखाच्या वर्षात सण नाही. सण म्हणजे सुख. तेव्हा तंबूत सुख असेल तर जायचे नाही. सुख नसेल तर जायला हरकत नाही. "आंग टेकलं का हाड लागलं पायजे," असे तिने मोजमापही सांगितले. तिला घाबरवावे म्हणून मी वाघाचा विषय काढला (बोरच्या जंगलात आहेत), तर ती म्हणाली की वाघ सुखात मोजत नाहीत. आणि सामान तपासायला ती स्वतः बरोबर येणार.

म्हणजे जगात लोक आरामाचा तंबू आणि आरामाचे अंथरूण शोधतात, आणि आम्हाला आराम नसलेले शोधायचे होते. त्यातही माझी कंबर तुम्हाला माहीत आहे. मला असे सामान हवे होते की जे आनंदाबाईला टोचेल आणि मला टोचणार नाही. असे सामान वर्ध्यात मिळत नाही.

पहिल्या रविवारी मी आणि प्रभाकर बाजारात गेलो. सुलोचनेने यादी दिली होती: गादी, उशी, चादर, छत्री, कंदील, तांब्या-पेला, हातपंखा आणि चपलांचा जोड (धरणावर खडे असतात). एका जुन्या दुकानात मी ती वाचून दाखवली. दुकानदाराने रेडिओ बंद केला. मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि हळू आवाजात विचारले की गेलेले माणूस पुरुष की बाई, म्हणजे तशी छत्री काढता येईल. तेव्हा माझ्या लक्षात आले की आपण शय्यादानाची यादी वाचली. माणूस गेल्यावर त्याच्या पुढच्या वाटेसाठी म्हणून जे दान देतात तेच सामान, बहुतेक त्याच क्रमाने. जंगलात चार दिवस राहायला आणि वर कायमचे जायला माणसाला सारखेच लागते, हे मला सेवानिवृत्त झाल्यावर समजले.

मी खरे तेच सांगितले, की बाई, माघात. तो म्हणाला, उशीर झाला, पण दानाला उशीर नसतो. आणि त्याने दानाचा माल काढला. दानाचा माल वेगळा असतो हे मला माहीत नव्हते. गादी वरून फुगलेली आणि आत मूठभर कापूस. कंदिलाला वात नाही. दोन्ही चपला डाव्या पायाच्या. छत्री उघडेना, तेव्हा मी तसे म्हटले. तो म्हणाला, "घेणारा उघडून पाहत नाई, अन् जिच्या नावानं देता ते तक्रार करत नाई." (कोकिळेने केली असती. छत्री त्याच्याच डोक्यावर उघडायला लावली असती.) प्रभाकर रागाने बाहेर जाऊन उभा राहिला. मी मात्र सगळे घेतले, कारण आनंदाबाईच्या नेमात इतका तंतोतंत बसणारा माल दुसरीकडे मिळाला नसता. घरी तिने त्या दोन डाव्या चपला पायात घालून अंगणात एक चक्कर मारली आणि "बराबर हाय" म्हणाली.

तंबू विकत मिळेना, म्हणून नत्थू मंडपवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे दोन कापडे होती, एक गुलाबी झालरीचे आणि एक पांढरे. किती माणसे, असे त्याने विचारले. मी सहा म्हटले. तो म्हणाला, सहा माणसांना मंडप लागत नाही, सतरंजी लागते. तरी पण देतो, आणि भोंगा वर फुकट. गुलाबी शक्यच नव्हते. पांढरे घेतले आणि मंगळवारी सकाळी दहाला, उभारून पाहावे म्हणून, आमच्या अंगणात लावले. चौदा बांबू लागले. भोंगा नको म्हणून मी निक्षून सांगितले होते, तो नत्थूने नुसता टांगून ठेवला.

अकराला मागच्या गल्लीतले बापूराव खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि न बोलता सतरंजीवर बसले. मग आणखी चार जण आले. मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे मीही त्यांच्याजवळ बसून राहिलो, आणि त्याने सगळ्यांची खात्री पटली. थोड्या वेळाने बापूराव उठून उभे राहिले. म्हणाले की एकाच वर्षात एका घरावर दोन घाव, हे बरे नव्हे. जाणारी बाई फार शांत स्वभावाची होती, कोणाला वर तोंड करून बोलली नाही. इथे प्रभाकरला खोकला आला. एवढ्यात आनंदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातून बाहेर आली. सगळे उठले. ती बापूरावांना म्हणाली, "थांबलेत काऊन? शांत कोन, मी?"

बापूराव म्हणाले, "तुमच्याच बद्दल बोलून राह्यलो होतो, बाई. बसा."

ती खरेच बसली आणि पुढचे ऐकायला तयार होती, पण बापूरावांना पुढचे सुचेना. तोवर समोरच्या जिजाबाई पिठले-भाकरीची टोपली घेऊन आल्या, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. मयत कोणी झालेले नाही हे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, पंधरा भाकरी थापल्या त्याचे आता काय करू? अशा कामाला आणलेले अन्न परत न्यायचे नसते असे आनंदाबाईचे मत पडले, म्हणून सगळे तिथेच जेवलो. पिठले चांगले होते. दुपारी नत्थू मंडप सोडून घेऊन गेला. नंतर भंगारवाल्याकडे एक खाकी तंबू मिळाला. त्यात गुडघ्यावर रांगत जावे लागते, म्हणून आनंदाबाईने तो पाहताक्षणी पास केला.

आता अंथरुणाचे. तंबू अंगणात ठोकला आणि आनंदाबाई तपासायला दुपारी दोनला आत गेली. आधी दानाची गादी. पाच मिनिटे पडून पाहते म्हणाली आणि पाच वाजेपर्यंत घोरत होती. उठल्यावर म्हणाली, ही गादी फसवी आहे, हिच्यावर झोप येते, नापास. दुसऱ्या दिवशी सतरंजी. झोपली. तिसऱ्या दिवशी गोणपाट टाकले. झोपली. चौथ्या दिवशी मी दोरी सैल केलेली बाज दिली, जिच्यात माणूस पडले की पाठ जमिनीला लागते. तिच्यातही झोपली. पाचव्या दिवशी नुसत्या जमिनीवर, दोन ढेकळांच्या मधे. तिथे तर सुलोचनेला हलवून उठवावे लागले. प्रत्येक वेळी ती उठून नापास करायची आणि माझ्याकडे असे पाहायची, जणू जमीन मी दुकानातून मऊ पाहून आणली.

त्या संध्याकाळी सुलोचनेने मला बाजूला घेऊन सांगितले, की आत्याबाई रात्री घरात झोपतच नाहीत. माघापासून मधल्या खोलीच्या दारात बसून असतात, कोकिळेची खाट होती तिथे. आठ महिने मला वाटत होते की त्या घरात जागा असणारा मी एकटाच आहे. आनंदाबाईजवळ मी हा विषय काढला नाही. बोललो असतो तर तिने ते नाकारले असते आणि वर मला झोप का येत नाही ते विचारले असते.

पण जाणे आता रद्द व्हायच्या बेतात आले, कारण तिच्या नेमाने कुठल्याच अंथरुणावर जाता येईना. मार्ग सुलोचनेनेच काढला. दसऱ्याला आपण गोड केले नाही, पण जिजाबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या त्या खाल्ल्या. आत्याबाई, तुम्ही तीन खाल्ल्या. म्हणजे घरी केलेले गोड चालत नाही, दुसऱ्याने दिलेले चालते. मग झोपेचे तसेच का नको? आनंदाबाई त्यावर दिवसभर गप्प होती (बापूरावांना ही बातमी सांगावी असे वाटले). दिवेलागणीला तिने निकाल दिला, "मांगून आनलेलं सुख चालते. इकत घेतलेलं नाई." मात्र ते दुःख नसलेल्या घरून यायला हवे. आमच्या गल्लीतली दुःख नसलेली घरे आम्हाला गाद्या द्यायला तयार नाहीत, कारण त्यांच्याकडे दिवाळीला पाहुणे येतात.

आम्ही गुरुवारी ३ नोव्हेंबरला निघतो आणि सोमवारी परत येतो. सहा माणसे, एक तंबू, एक बाज, आणि चार डाव्या चपला (प्रभाकर बदलून आणायला गेला, तर दुकानदाराने आणखी एक तसाच जोड वर दिला). वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. गुडघा शेकणे.

आपला,
रूपराव

ता. क. तुमच्याकडे कापूस झाकायची मोठी ताडपत्री आहे. ती चार दिवसांसाठी मिळावी. आमच्या तंबूला वरच्या बाजूला भोक आहे. नेमाप्रमाणे तुमचे घर दुःख नसलेले, अल्लीपूरला सण आहे, कारण लग्न झालेल्या बहिणीचे सुतक भावाला तीनच दिवस. तुमचे तीन दिवसांत संपले की नाही, हे आनंदाबाईने विचारलेले नाही आणि मीही विचारत नाही.

ता. क. ताडपत्री एस.टी.च्या कंडक्टरजवळ देऊ नये. हरवते. स्वतः आणावी. रविवारी ६ तारखेला आणली तर बरे. त्या दिवशी भाऊबीज आहे, आणि इतकी वर्षे तुम्ही त्या दिवशी सकाळची वर्ध्याची गाडी धरत आलात. यंदाही तीच धरा, फक्त बोरगावला न येता वर्ध्याहूनच हिंगणीच्या गाडीत बसा. प्रभाकर हिंगणीच्या स्टँडवर उभा राहील. घरी यायचे नाही. पाट नाही, ओवाळणे नाही, कोणी काही बोलणार नाही. धरणाला उंबरठा नसतो.

ता. क. खरे सांगायचे तर ताडपत्र्या आमच्याकडे दोन आहेत. हे पत्र मी आनंदाबाईला वाचून दाखवले आणि तसे कबूल केले. तिने दोन ताडपत्र्या बोटांवर मोजल्या. मग म्हणाली, "मंग तिसरी लागंल. लिही त्याले."