पेपरमिंटच्या डब्यातली तुरटी

कॅरी, ४ फेब्रुवारी २०२५

ती. शैलजाआत्यास,
आश्लेषाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोन म्हणजे मी इथे अमेरिकेत, कॅरीत ओरडायचं आणि ऐकायचं शेजाऱ्यांनी, असं झालंय. त्यापेक्षा ही ईमेलची पत्रंच बरी. टॅबवर अक्षरं मोठी करून वाच.

बातमी अशी, की पुढच्या मंगळवारी मुख्याध्यापिका माझा तास बघायला येणार आहेत. आठ वर्षं घरी बसल्यावर कामाची परवानगी आली, ऑगस्टमध्ये ही विज्ञान शिकवायची नोकरी लागली, पण ती जूनपर्यंतचीच. तास पसंत पडला तर कायम होईन. विषय आहे शुद्ध पदार्थ, मिश्रणं आणि द्रावणं, म्हणजे तुझा हातखंडा! आणि माझी मात्र झोप उडाली आहे. शाळेतून घरी आले की उगाच कपाटं उघडते आणि बंद करते. सुशांत म्हणतो, असा जोर लग्नाआधी लावला असतास तर मी घाबरून पळालो असतो.

सगळ्यात अडतंय ते ‘शुद्ध’ या शब्दापाशी. वर्गातल्या शिवांगीने संत्र्याच्या रसाची बाटली आणली. वर ‘शंभर टक्के प्युअर’ छापलेलं. रस हे मिश्रण आहे असं मी म्हटल्यावर तिने मला ठणकावून सांगितलं, की बाटलीवर लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार.

मी गढूळ पाण्यात तुरटी फिरवून दाखवणार आहे. तू इकडे येणाऱ्या गिरीशबरोबर पाठवलेली तुरटी फोडून पेपरमिंटच्या पत्र्याच्या डब्यात भरली आहे. आपल्या घरात डब्यावर लिहिलेलं आत कधी असतं का? श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, कॉफीच्या बरणीत तूरडाळ!

धीर दे. तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी आशू

सातारा, ६ फेब्रुवारी

चि. आश्लेषास,
अ. उ. आ.

कपाटं उघडणं थांबव, बिजागऱ्या जातील. व्याख्यांनी सुरुवात करू नकोस. चिवडा ने. तुझे आतोबा त्यातले काजू कसे अचूक वेचत, ते सांग. वेचता येतं ते मिश्रण, हे मुलांना लगेच कळतं. मग साखरेचं पाणी दाखव. तेही मिश्रणच, पण त्यातून साखर वेचून दाखव म्हणावं! वरचा घोट आणि तळचा घोट सारखाच गोड, ते द्रावण. आणि नुसती साखर, दुसरं काहीही न मिसळलेली, तो शुद्ध पदार्थ.

तुरटीने गाळ बसला की मुलं टाळ्या वाजवतील आणि पाणी शुद्ध झालं म्हणतील. तिथे थांबू नकोस. त्यातले चार थेंब काचेवर घालून वाळव. पांढरा डाग राहील. नितळ पाण्यातही काही विरघळलेलं असतं, हे त्या डागानेच पटतं.

आणि त्या डब्यावर चिठ्ठी चिकटव. मोठ्या अक्षरात. एवढं माझं ऐक, कारण विचारू नकोस.

तास झाला की लगेच कळव, मी टॅब उशाशी घेऊन बसले आहे.
आत्याचे आशीर्वाद

कॅरी, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तास छान झाला. चिवड्याला मुलं हसली, काचेवरचा डाग बघायला मुख्याध्यापिका स्वतः उठून आल्या. जाताना त्यांनी माझा हात दाबला.

पण दुपारी एक भानगड झाली. मी दुसऱ्या वर्गावर असताना शिवांगीने प्रयोगाच्या टेबलावरचा डबा उघडून एक खडा तोंडात टाकला. तिचं तोंड तुरट झालं, भीतीने तिला उलटी झाली. नर्सने मला विचारलं, तेव्हा ती तुरटी आहे, एवढ्याशा खड्याने काही होत नाही, असं मी सांगितलं. विषबाधेच्या मदतक्रमांकावरही तेच म्हणाले. मुलगी ठणठणीत आहे, पण तिचे आईवडील भयंकर चिडले आहेत आणि त्यांचं काही चुकलं नाही.

आमच्याकडे रुपाली म्हणून प्रयोगशाळेची मदतनीस आहे, नागपूरची. तिच्या टेबलावर कायम तसले पेपरमिंटचे डबे असतात. टेबल आवरायचं कामही तिचंच. सगळ्यांनी धरून चाललं, की डबा तिचा आणि आवरताना उरलेली तुरटी तिनेच त्यात भरली. शुक्रवारी बैठक आहे, तोवर तिला घरी थांबायला सांगितलंय. तिच्या नवऱ्याची नोकरी जानेवारीतच गेली आहे गं. मला काही सुचत नाही. दोनदा भाजी करपली.

माझ्यावर माया ठेव.
आशू

सातारा, १२ फेब्रुवारी

चि. आश्लेषास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. त्यात सगळ्यांनी काय धरून चाललं ते आहे, तू काय म्हणालीस ते नाही. डबा तुझा होता, चिठ्ठी लावली नव्हतीस आणि तू गप्प बसलीस. चुकत असेन तर सांग, आनंदाने माफी मागेन.

तुला रागवायला मला तोंड नाही. कारण विचारू नकोस म्हटलं होतं, आता मीच सांगते. १९९३ साली आमच्या शाळेत प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले होते. मुलींना वाळू, मीठ आणि नवसागराचं मिश्रण वेगळं करायचं होतं. तापवलं की नवसागराची वाफ होऊन तो वर नरसाळ्याला चिकटतो. खाली राहिलेल्यात पाणी घालून मीठ विरघळवायचं, वाळू गाळायची आणि पाणी आटवून मीठ परत मिळवायचं. बाटल्या कमी पडत होत्या, म्हणून आदल्या दिवशी नवसागर मी मिठाच्या रिकाम्या बाटलीत ओतला. नाव बदलायचं राहिलं. सकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या श्रीरामने नाव वाचून मुलींच्या मिश्रणात त्यातलंच ‘मीठ’ घातलं. तीस मुलींनी पाणी आटवलं आणि तिसांच्याही बशा कोऱ्या. मुली रडायला लागल्या.

हेडमास्तरांनी सर्वांसमोर श्रीरामला झाडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नळ बंद करायला वळले. महिन्याभरात त्याला कोरेगावच्या शाखेत रखवालदार म्हणून धाडलं. मी पुढे चोवीस वर्षं त्याच शाळेत मिश्रणं शिकवली, आदर्श शिक्षिकेची शालही घेतली. ती मी एकदाही पांघरली नाही.

नोकरीची तुला किती आस आहे, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, शुक्रवारच्या आत बोल. मला जमलं नाही, त्याची लाज बत्तीस वर्षांत तसूभर कमी झाली नाही.

तू काहीही केलंस तरी माझीच आहेस.
आत्या

कॅरी, १४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुझ्यावर चिडले. वाटलं, हिने आपलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं. शाळेतून आल्यावर घरभर येरझारा घातल्या. सुशांत म्हणाला, तू काय करायचं ते तू ठरव, पण आधी बस.

संध्याकाळी रुपालीचाच फोन आला. ती माझी क्षमा मागत होती. म्हणाली, माझा डबा आणि तुमची तुरटी यांत माझीच काहीतरी गफलत झाली असणार, तुमचा एवढा चांगला तास माझ्यामुळे नासला. जे तिने केलंच नाही, ते तिला आठवायला लागलं होतं, आत्या! मी फोनवरच सांगितलं, की डबा माझा होता. त्यावर तिने फोन ठेवला.

आज बैठकीत शिवांगीच्या आईवडिलांसमोर सगळं सांगितलं. डबा माझा, चिठ्ठी लावली नाही ती मी आणि तीन दिवस गप्प बसले तीही मीच. रुपाली सोमवारपासून कामावर येईल. मला लेखी ताकीद मिळाली. जूनपर्यंत शिकवायचं, कायमची जागा दुसऱ्या कुणाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की डब्याचं एक वेळ चाललं असतं, गप्प बसण्याचं नाही. मी गाडीत बसून खूप रडले. मला ती नोकरी फार हवी होती गं.

घरी येऊन सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आज झोप लागेल असं वाटतंय. आता तुझं काय? कोरेगाव साताऱ्याहून किती लांब आहे?

तुझ्यावर राग धरलेली आणि तुझीच,
आशू

सातारा, २४ फेब्रुवारी

चि. आश्लेषास,
अ. उ. आ.

तासाभराचा रस्ता आहे. मला बत्तीस वर्षं लागली. तुझ्या शेवटच्या प्रश्नाने मला दहा दिवस जागेवर बसू दिलं नाही, तेव्हा काल गेले. हट्ट सोडून कानात यंत्रही घातलं.

श्रीराम आता सत्तरीला आला आहे. त्याने मला लगेच ओळखलं आणि बाई, बाई करत स्वयंपाकघरातच बसवलं. समोर फळी होती. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, मोठ्या अक्षरात. मीठ. साखर. रवा. काचेच्या बरणीत शेंगदाणे स्वच्छ दिसत होते, तिच्यावरसुद्धा ‘शेंगदाणे’. त्याची बायको हसून म्हणाली, शाळेतल्या त्या प्रकारापासून यांना हे खूळ लागलं, चिठ्ठी वाचल्याशिवाय चिमूटभर मीठही घेत नाहीत.

मी सांगितलं. पहिल्यापासून, काही न वगळता. मला वाटत होतं, त्याला माहीत असणार आणि तो मला शिव्या देत जगला असणार. तसं नव्हतं, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं. त्याला इतकी वर्षं वाटत होतं, की त्या सकाळी घाईत त्यानेच नाव चुकीचं वाचलं. त्या दिवशी तो माझ्याकडे बघत होता, तो आपण काय वाचलं, हे मला विचारायला.

माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. उठून त्याने चहाचं आधण ठेवलं. साखरेच्या डब्याशी सवयीने चिठ्ठी वाचायला वाकला. तसाच क्षणभर थांबला. मग ताठ उभा राहिला आणि न वाचताच झाकण उघडलं.

जूनमध्ये मोकळी झालीस की इकडे ये, मी वाट बघते आहे.
तुझी आत्या